राग आला की तो काय करतो?

मांजरी बुद्रुक,
९ जानेवारी १९७८

प्रिय अनंता,

नमस्कार. गुळाची ढेप पोचली असेल. दर संक्रांतीला पाठवतो तशीच आहे, पण या वेळी तिच्यामागे काम आहे हे आधीच सांगतो, म्हणजे खाताना मनात शंका नको.

शालूसाठी स्थळ आलं आहे. मुलगा संपतराव, सरकारी खात्यात ओव्हरसियर. पत्ता वाचला आणि मला हसूच आलं. दोन वर्षं झाली, तुझ्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहतोय. पुण्यात एवढी घरं, आणि हा राहतो तो नेमका नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या डोक्यावर. आता चौकशीचं पत्र आणखी कुणाला लिहायची गरजच उरली नाही. तीस वर्षं तू कॉलेजात चांगलं काय नि वाईट काय ते शिकवलंस, तेव्हा एवढं एक पोरगं तुला ओळखता येईलच.

मुलाचे मामा पुण्यात छापखाना चालवतात. घरदार, जमीन मी पाहून आलो, त्यात खोट नाही. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "दिसाया बरा हाय, पर फोटूत समदेच गप बसत्यात." शालू तुला ठाऊक आहे. बी.ए. झाली, आता इथल्या शाळेत शिकवते. तिनं पगार विचारला नाही, उंची विचारली नाही. म्हणाली, "अनंतकाकांना एकच गोष्ट विचारा. राग आला की तो काय करतो?"

तेवढं कळव. मी स्वतः आलो असतो, पण गुऱ्हाळ पेटलंय, ऊसतोडीची माणसं आली आहेत, मळा सोडता येत नाही.

सरोजिनीवहिनींना नमस्कार.

तुझा,
हिंदुराव


सदाशिव पेठ, पुणे ३०,
१३ जानेवारी १९७८

प्रिय हिंदुराव यास अनंताचा सप्रेम नमस्कार.

ढेप पोचली. उत्तम आहे. 'उत्तम' हा शब्द मी गुळाविषयी निःशंकपणे वापरू शकतो, कारण गूळ आतबाहेर सारखाच असतो. माणसाविषयी तसे म्हणता येत नाही आणि तुझ्या पत्रातली खरी अडचण इथेच आहे.

तू विचारतोस, मुलगा चांगला आहे का. पण चांगला म्हणजे काय? ज्याचे हेतू शुद्ध तो चांगला, की ज्याच्या कृतीने चार माणसे सुखी होतात तो चांगला? हेतू शुद्ध असून परिणाम वाईट झाला, तर दोष कुणाचा? या एका प्रश्नावर माझ्या 'सदाचारविचार' या ग्रंथात बावन्न पाने आहेत. आणि तुला ऐकून आनंद होईल, की हा ग्रंथ अखेर छापायला गेला. सहाशे चाळीस पाने. चार प्रकाशकांनी तो न वाचता परत केला, पाचव्याने वाचून परत केला. शेवटी तू ज्यांचा उल्लेख केलास त्या मामासाहेबांनीच तो आपल्या छापखान्यात छापून द्यायचे कबूल केले. भाच्याने शब्द टाकला म्हणून. यावरून भाच्याविषयी तुला काही अनुमान काढायचे असल्यास काढ. मी काढणार नाही, तो तर्कदोष होईल.

मी फक्त निरीक्षणे देतो. संपतराव आमचे वर्तमानपत्र मागून नेतात आणि घडी घालून परत देतात. जिन्यात चपला ओळीने काढतात. दुपारी एक ते चार आवाज करीत नाहीत. त्यांना रागावलेले मी पाहिलेले नाही. अर्थात राग म्हणजे नेमके काय हे ठरवल्याखेरीज शालूच्या प्रश्नाला अर्थ नाही, आणि ते ठरवायला या अंतर्देशीय पत्रात जागा नाही. हे वाक्यच मी घडीवर लिहितो आहे, उघडताना सांभाळून फाड.

सरोजिनी म्हणते, "एवढं लिहिण्यापेक्षा हो की नाही ते सांगा." तिला तत्त्वज्ञानाचे अंग नाही.

तुझा,
अनंत


मांजरी बुद्रुक,
१७ जानेवारी १९७८

प्रिय अनंता,

पत्र सांभाळून फाडलं, तरी 'परिणाम' गेला, 'हेतू' शिल्लक आहे. घरात तीनदा वाचून झालं. आई म्हणाली, "मास्तर भला मानूस हाय. पर पोराचं काय म्हनला?" 

ग्रंथाचं ऐकून बरं वाटलं. सहाशे चाळीस पानं लिहायची म्हणजे छाती पाहिजे.

तुझ्याइतकं मला समजत नाही, पण बैल मी जन्मभर घेतले. बाजारात दात मोजतात ते नवशिके. माझा बाप दात बघायचाच नाही. तो बैल दिवसभर औताला जुंपायचा आणि संध्याकाळी, जनावर दमलेलं, भुकेलेलं असताना वैरणीपाशी हात न्यायचा. मारकुटा बैल सकाळी कधीच मारत नाही. आता जावयाला औताला जुंपता येत नाही, म्हणून तुला विचारतोय.

तुला त्याचा राग दिसला नसेल तर हरकत नाही. मुद्दाम काही करू नकोस. एकाच छपराखाली आहात, फक्त कान उघडे ठेव. शालू उत्तराची वाट बघतेय. मुलाकडचे घाई करताहेत, त्यांना माघात सुपारी फोडायची आहे.

तुझा,
हिंदुराव


सदाशिव पेठ, पुणे ३०,
२४ जानेवारी १९७८

प्रिय हिंदुराव यास सप्रेम नमस्कार.

तुझ्या बैलाने मला दोन दिवस विचारात पाडले. दृष्टान्त चांगला आहे, पण लागू पडत नाही. बैलाला स्वातंत्र्य नसते. माणूस आज जे करतो ते तो उद्या करीलच असे नाही, किंबहुना उद्या न करण्याची शक्यता हेच माणसाचे माणूसपण. एका कृतीवरून माणसावर शिक्का मारणे ही स्वतःच एक अनीती आहे. हे मी सर्वसाधारण तत्त्व म्हणून सांगतो आहे, कुणाला उद्देशून नाही.

रागाविषयी. राग हा विकार आहे, दुर्गुण नव्हे. तो ज्याला येतच नाही तो सज्जन नव्हे, तो आळशी. शिवाय रागात घडणारी कृती आणि माणूस यांत फरक करावा लागतो. असे अनेक फरक आहेत.

आणि मुळात आपण मुलींची लग्ने कशासाठी करतो? सुखासाठी, असे तू म्हणशील. पण सुख हे आयुष्याचे प्रयोजन होऊ शकत नाही, हे माझ्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात सिद्ध झाले आहे. आयुष्याचा अर्थ आपल्याला तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि तो घडवायला थोडी प्रतिकूल परिस्थिती उपकारकच ठरते. ज्यांना सर्व अनुकूल मिळाले, त्यांच्या हातून फारसे काही झाल्याचे इतिहासात आढळत नाही.

माझे काम उत्तम चालू आहे. गेल्या गुरुवारी सकाळी मी 'परदुःख' या प्रकरणाचा शेवट नव्याने लिहीत होतो. माडीवर काहीसा आवाज झाला, भांडे पडले असावे, आणि वाटले की आता लय तुटणार. पण तुटली नाही. उलट त्याच क्षणी वाक्य सुचले, 'दुसऱ्याची वेदना आपल्याला ऐकू येणे, इथून नीतीचा आरंभ होतो.' मामासाहेबांनी ते ऐन प्रुफात घालू दिले. असे छापखानेवाले आता राहिले नाहीत.

तेव्हा या स्थळाबाबत माझे मत विचारशील, तर आपण आपल्या विचाराने करावे.

तुझा,
अनंत


मांजरी बुद्रुक,
१ फेब्रुवारी १९७८

प्रिय अनंता,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तू पेठेतला, तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे चौकशीच्या पत्रात वाईट कुणी लिहीत नाही. कुणाच्या लेकराची बदनामी आपल्या हातानं कशाला, आणि पत्र उद्या कुणाच्या हाती पडेल काय सांगावं. म्हणून रीत ठरलेली आहे. मुलगा चांगला असला की लिहितात, 'डोळे मिटून द्या.' आणि देण्यासारखा नसला की लिहितात, 'आपल्या विचाराने करावे.' एवढं वाचलं की समोरचा समजतो, नारळ परत पाठवतो, आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी हीच ओळ आली होती. वडलांनी पत्र चुलीत टाकलं आणि बहीण वाचली.

आता तू ती ओळ लिहिलीस. प्रेमला, पोरीची आईच ती, म्हणते, भाऊजींनी रीतीप्रमाणेच लिहिलंय, मोडून टाका. शालू म्हणते, काकांना आपली रीत कुठली ठाऊक, ते त्यांच्या पुस्तकातलं बोलताहेत.

म्हणून सरळ विचारतो. हेतू, परिणाम काही नको. ती ओळ आमच्या अर्थानं आहे की तुझ्या? आमच्या अर्थानं असेल तर उत्तरही पाठवू नकोस. आठ दिवसांत पत्र आलं नाही की मी समजेन.

तुझा,
हिंदुराव


सदाशिव पेठ, पुणे ३०,
५ फेब्रुवारी १९७८

प्रिय हिंदुराव यास सप्रेम नमस्कार.

उलट टपाली लिहितो आहे, कारण गैरसमज राहू देणे मला कधीच मानवले नाही.

तुमच्याकडच्या रीतीची मला कल्पना नव्हती. मी ते वाक्य मानवी स्वातंत्र्याच्या अर्थाने लिहिले होते. त्यातून कोणताही व्यावहारिक संकेत काढू नये. मुलगा एकंदरीत उत्तम आहे. राग आला तर तो गप्प बसत असावा.

योगायोगाने काल मामासाहेब स्वतः येऊन गेले. तुमच्या घराण्याविषयी फार आदराने बोलले. माझ्याकडे चौकशी झाल्याचे त्यांना कसे कळले कोण जाणे. म्हणाले, "सोयरीक जुळू द्या, मग तुमच्या ग्रंथाचं प्रकाशन लग्नाच्या आधी दणक्यात करू." दोन्ही गोष्टींचा तसा परस्परसंबंध नाही. वीस फॉर्म, म्हणजे तीनशे वीस पाने, छापून झाले आहेत.

घरी सर्व क्षेम. सरोजिनी गेले पंधरा दिवस माझ्याशी बोलत नाही. लेखनाला शांतता लाभते आहे.

तुझा,
अनंत


मांजरी बुद्रुक,
९ फेब्रुवारी १९७८

प्रिय अनंता,

डोक्यावरचं ओझं उतरलं. येत्या एकोणीस तारखेला, रविवारी, सुपारी फोडायची ठरली. तू आणि वहिनी सकाळीच या. स्वारगेटला बैलगाडी पाठवत नाही, घाबरू नकोस, पाहुण्यांची जीप आहे.

शालूनं तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "गप्प बसत असावा म्हणजे काय? काकांनी पाहिलंय की धरून चाललेत?" मी म्हटलं, हे बघ, शाळेत अनंता एकदाही खोटं बोलला नाही, त्यापायी आम्हा सगळ्यांना छड्या बसायच्या. त्या वेळी राग यायचा. आज त्याच्या खरेपणावर पोरगी द्यायला निघालोय. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर ठीक." एवढं बोलून शाळेच्या वह्या तपासायला बसली.

ग्रंथाच्या प्रकाशनाला मला पुढच्या रांगेत बसव. झोपलो तर हलव.

तुझा,
हिंदुराव


पुणे,
१३ फेब्रुवारी १९७८

सौ. प्रेमलाताई यांना सरोजिनीचा नमस्कार.

शालूच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरून तुम्हाला गेलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

१९ जानेवारीला, गुरुवारी सकाळी संपतरावांनी शकूच्या तोंडात मारली. शकू आमच्याकडे आणि त्यांच्याकडे धुणंभांडी करते. सदऱ्याच्या खिशात त्यांचं पेन राहिलं होतं, तिने ते न बघता सदरा भिजवला, शाई पसरली. मी जिन्यात होते, मी पाहिलं. पहिली वेळ नाही असं शकू म्हणते.

हे स्वतः तुम्हाला लिहितील म्हणून मी थांबले. मी थांबायला नको होतं.

हे कार्ड मी स्वतः पेटीत टाकते आहे.

सरोजिनी


सदाशिव पेठ, पुणे ३०,
२ मार्च १९७८

श्री. हिंदुराव यांस,

एकोणीस तारखेची सुपारी तुमच्याकडून मोडल्याचे मला मामासाहेबांकडून कळले. तुझ्याकडून एक ओळ नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत माझ्या शब्दाची ही किंमत व्हावी, याचे मला अतिशय दुःख झाले आहे.

मामासाहेबांनी पुढची छपाई बंद केली आहे. पान क्रमांक तीनशे वीस वाक्याच्या मध्येच थांबले आहे. वाक्य असे, 'म्हणून सज्जनाने कोणत्याही परिस्थितीत'. यापुढचे आता वाचकांना कधी कळेल सांगता येत नाही.

माझा अंदाज आहे, कुणीतरी निनावी पत्र पाठवून तुमचे मन कलुषित केले. निनावी पत्रे लिहिणे हा भ्याडपणाचा नीचतम प्रकार आहे. ज्याला काही माहीत आहे त्याने समोर येऊन, नाव सांगून, एका वाक्यात बोलावे. यावर माझ्या ग्रंथात स्वतंत्र परिच्छेद आहे, तोही आता अडकला.

खुलाशाची अपेक्षा करतो.

अनंत


मांजरी बुद्रुक,
८ मार्च १९७८

प्रिय अनंता,

पत्र निनावी नव्हतं. खाली सही होती, सरोजिनी. कार्डावर अर्धी जागा रिकामी होती, तरी सगळं कळलं. तुझा निनावी पत्रांवरचा परिच्छेद वहिनींना वाचून दाखव, त्या त्यातलं सगळंच पाळून बसल्या आहेत.

गेल्या महिन्यात सोळा तारखेला मी आणि शालू तुझ्या घरी येऊन गेलो. दुपारी दोनला. तू झोपला होतास, आणि एक ते चार तुला उठवायचं नाही हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. आम्ही मागच्या अंगणात नळापाशी बसलो. शकू भांडी घासत होती. ती मला बघून उठायला लागली, तर शालू तिच्याशेजारी दगडावर बसली आणि एक भांडं हातात घेतलं. अर्धा तास दोघी बोलल्या. मी पायरीवर बसून ऐकलं.

शकूचं एक वाक्य जसंच्या तसं लिहितो. ती म्हणाली, "मार काय, मार नवऱ्याचाबी खाल्ला. पण त्या दिशी मी बादली घेऊन खाली आले, तर सर दारातच लिहीत बसले व्हते. माझ्या गालाकडं बघितलं. वाटलं, आता काईतरी म्हणतील. मग परत लिहाया लागले."

येताना शालू गाडीत खिडकीपाशी बसली. हडपसरच्या पुढे आल्यावर म्हणाली, "आबा, ओव्हरसियरवर माझा राग नाही. तो तसा आहे, कळलं, संपलं. पण काकांना तर आपण देवासारखं विचारलं होतं."

मलाही तेच लागलं, अनंता. तू आमच्या रीतीची ओळ लिहिली होतीस. न कळत लिहिलीस, पण बरोबर लिहिलीस. ती तशीच राहू दिली असतीस तर आम्ही समजलो असतो, कुणाला काही कळलं नसतं, तुझा ग्रंथही छापून झाला असता. तू मुद्दाम टपाल गाठून ती पुसलीस. माझी पोरगी त्या घरात गेली असती, आणि पहिल्यांदा तोंडात बसली असती तेव्हा तू म्हणाला असतास, की आयुष्याचा अर्थ घडतोय.

मी भांडणार नाही. माझं शिक्षण कमी, तू भांडणातही जिंकशील. गूळ पुढच्या संक्रांतीलाही येईल, पण तो वहिनींच्या नावे येईल. तू खाल्लास तर माझी हरकत नाही.

शालूचा आता एकच प्रश्न आहे. पहिला तुला अवघड गेला, म्हणून हा सोपा काढलाय. तू लिहिलं होतंस, माडीवर भांडं पडलं असावं. ते भांडं आहे असं तुला खरंच वाटलं होतं का?

हिंदुराव


सदाशिव पेठ, पुणे ३०,
२१ एप्रिल १९७८

प्रिय हिंदुराव,

भांडे नव्हते. मला तेव्हाच कळले होते.

हे पत्र मी सहा वेळा लिहिले. पाच वेळा ते अकरा पानांचे झाले. सरोजिनीने ती पाचही पत्रे बंब पेटवायला घेतली, मी अडवले नाही. म्हणून आता कार्ड.

संपतराव गेल्या महिन्यात खोली सोडून गेले. मी काढले असे समजू नकोस, मामासाहेबांनी त्यांना छापखान्याजवळ जागा पाहून दिली. हस्तलिखित परत आले आहे. 'परदुःख' हे प्रकरण मी वेगळे काढून ठेवले आहे. ते वाईट लिहिलेले नाही, हीच त्यातली अडचण आहे.

शकू रोज साडेसातला येते. काल मी ठरवून नळापर्यंत गेलो. काय बोलायचे ते पाठ केले होते. तिने हात थांबवून विचारले, "काय पायजे का सर?" मी म्हणालो, "बादली जरा वाटेतून बाजूला ठेव." तिने ठेवली. मी आत आलो. उद्या पुन्हा जाणार आहे.

शालूला एवढे सांग, की तिने माझ्याविषयी कुणाकडे चौकशी करायला हवी होती. त्या गुरुवारी मला राग आला होता, हिंदुराव. आणि राग आला की मी काय करतो, तर लिहीत बसतो.

अनंत